धाकट्याने आधी बोलायचं

आप्पांनी बैठक बोलावली आणि खांबेट्यांच्या घरातली एकूण एक शहाणी माणसं बिथरली.

विषयच तसा होता. शिवपूजनला मुदतीआधी सोडायला तुमची हरकत आहे का, हे विचारायला प्रोबेशन ऑफिसचा माणूस शनिवारी दुपारी काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या घरी येणार होता. शिवपूजन म्हणजे इरावतीच्या नवऱ्याचा, दत्तात्रेयचा जीव घेणारा. दत्तात्रेय रामनगरच्या शाळेत गणित शिकवायचा. शेजारच्या लोखंडाच्या दुकानाने शाळेच्या मैदानात हातपाय पसरले, तेव्हा हा टेप घेऊन जागा मोजायला गेला. दुकानदार शिवपूजनने मागून डोक्यात सळई घातली. जन्मठेपेतली एकोणीस वर्षं आता भोगून झाली होती. सोडणारं सरकार, पण ज्यांचं माणूस गेलं त्यांचंही म्हणणं विचारतात. याआधी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळेस दत्तात्रेयच्या थोरल्या भावाने, रत्नाकरने, दारातच 'सवाल ही नहीं उठता' म्हणून आलेल्या माणसाची बोळवण केली होती आणि इरावतीने मागे उभं राहून मान हलवली होती. बैठक काही बसली नव्हती. या खेपेला मात्र इरावतीचे सासरे, आप्पा, म्हणाले, "इरावतीची रुची आता मोठी झाली. तिलाही मत आहे. बसायचं."

या घरात बसायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आप्पांच्या आजोबांकडे दूरदूरहून लोक प्रायश्चित्त विचारायला यायचे. शास्त्रीमंडळी बसायची आणि सगळ्यांत धाकट्या विद्यार्थ्याने आधी बोलायचं, सगळ्यांत थोरल्याने शेवटी. थोरला आधी बोलला की बाकीचे नुसती री ओढतात. एक जण बोलत असताना इतरांनी खाली बघायचं, म्हणजे कुणाच्या कपाळावरची आठी वाचून त्याने आपलं म्हणणं फिरवायला नको. आणि बैठक ठरल्यापासून ती बसेपर्यंत धाकट्याशी त्या विषयावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. पुढे शास्त्री गेले, प्रायश्चित्त विचारणारेही गेले, रीत तेवढी घरात राहिली. रत्नाकरच्या मुलीला, अंतराला, अमेरिकेला पाठवायचं की नाही, त्यासाठी हे लोक बसले होते. फ्रिज घेतानाही बसले होते, आणि पोरसवदा रुचीने सगळ्यांत आधी 'लाल' असं मत दिल्यामुळे खांबेट्यांकडे आजतागायत लालभडक फ्रिज आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते कौतुकाने दाखवतात.

या वेळीही रुचीच सगळ्यांत धाकटी. बापाला मारणाऱ्या माणसाबद्दल तिनेच आधी बोलायचं होतं, आणि इरावतीला त्याच गोष्टीची धास्ती होती. शिवपूजन सुटू नये असं तिला वाटायचं, त्यात लपवाछपवी काही नव्हती. पण दत्तात्रेय गेला तेव्हा रुची जेमतेम रांगत होती. ही मुलगी आईचा चेहरा बघत बघत मोठी झाली. आई हसली तर हसायची, आई गप्प बसली तर पुस्तक मिटायची. उद्या तिने माझ्याच मनातलं मला परत ऐकवलं, तर मी हिला वाढवलं म्हणजे काय केलं, असं इरावतीला वाटत होतं. म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. घरात रीत पाळणारी आपण एकटीच, असं तिला वाटत होतं. जरा गर्वच झाला होता म्हणा ना.

शनिवारी सकाळी रत्नाकरभाऊजी रुचीला घेऊन बाहेर पडले, ते उन्हं वर आल्यावर परतले. हातात डोक्याएवढं वांगं.

"रामनगरचं आहे," ते म्हणाले. "भरीत करा."

इरावती मटार सोलत बसली होती. "वांग्यासाठी गंगेपलीकडे गेलात, भाऊजी?"

"मग पूल कशाला बांधलाय?"

रुची चपला काढून सरळ वर निघून गेली. तिची पाठ बघूनच इरावतीला काय ते समजलं.

"शाळेपाशी नेलंत ना तिला?"

"वाटेत लागली शाळा." भाऊजींनी वांगं परातीत ठेवलं. बँकेत आयुष्यभर मान ताठ ठेवून वावरलेला माणूस, पण खोटं बोलायची वेळ आली की त्यांची नजर भांड्याकुंड्यांवर फिरायला लागते. "विषय नाही काढला मी. फक्त म्हटलं, इथे तुझा बाप पडला होता. हा काय विषय झाला?"

"नाही, हवापाण्याच्या गप्पा झाल्या!"

"इरावती, दत्तूला उचलून आणलाय मी. ह्या हातांनी. पोरीला जागासुद्धा दाखवायची नाही? ती काय हवेत मत देईल?"

इरावतीने मटाराचं ताट बाजूला सारलं. भाऊजींचा राग आला आणि मायाही आली. इतक्या वर्षांत या माणसाने तिला आणि रुचीला कसली म्हणून तोशीस लागू दिली नव्हती. शिवाय त्यांचं आणि तिचं मत एकच होतं. तिने वांगं हातात घेतलं आणि भाजायला ठेवलं.

दुपारी ती गच्चीवरून कपडे घेऊन खाली आली, तर स्वयंपाकघरात तिसराच आवाज. आनंदीवहिनी, म्हणजे भाऊजींची बायको, ओट्याला टेकून उभ्या. समोर स्टुलावर निळा स्वेटर घातलेली एक मुलगी, तिच्यासमोर रुची, आणि दोघींच्या हातांत चहाचे पेले.

"ही सीता," वहिनी पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "शिवपूजनची मुलगी."

मुलगी धडपडत उठली. "नमस्ते, माँजी. बाबूजी को अब ठीक से दिखता नहीं. एक आँख तो गई ही समझिए. उस दिन बहुत लोग थे, हल्ला हुआ, बस हो गया. किसी ने सोचा थोड़े था."

"तुम कितनी बड़ी थी तब?" इरावतीने विचारलं. का विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"हम पेट में थे, माँजी."

इरावतीने कपडे खुर्चीवर टाकले. या मुलीला हाकलावं, असं मनात आलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चाय पी लो, फिर जाना." काशीत जन्म काढलेल्या बाईला दारातलं माणूस उपाशी परतवणं जमत नाही, मग ते कुणाचंही असो.

सीता गेली, रुची वर गेली, तेव्हा ती वहिनींवर उखडली. "वहिनी, तुम्ही तिला आत घेतलंत? तेही रुचीसमोर?"

"मग काय, पाणीसुद्धा विचारू नको? तुझं दुःख मला कळत नाही का, इरे? पण दोघी पोरी समोरासमोर बसल्या ना, तेव्हा कुणाच्या बापाने कुणाच्या बापाला मारलं, हेच मला आठवेना."

"म्हणजे तुमचं मत फिरलं."

"माझा नंबर चौथा आहे. आत्ता विचारू नकोस," वहिनी म्हणाल्या आणि पेले विसळायला लागल्या. काल संध्याकाळपर्यंत या बाई नवऱ्याच्या शब्दाला शब्द जोडत होत्या. आता घरात दोन पक्ष पडले होते, आणि नवरा-बायकोची तोंडं दोन दिशांना.

जेवायला सगळे एकत्र बसले. मटारचा निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारची आमटी, वांग्याचं भरीत, साखरभात. आप्पा अठ्ठ्याऐंशीचे, पण पाटावर बसतात आणि स्वतःच्या हाताने वाढून घेतात. घास घेता घेता ते नातीकडे वळले. ती अटलांटाहून महिनाभराच्या रजेवर आलेली होती.

"अंतरा, तुझा बाप सांगत होता, तू म्हणे तिकडे न्यायाला बसली होतीस?"

"ज्युरीत, आप्पा. बारा जण. कुणी नर्स, कुणी बस चालवणारा, एक बाई तर कुत्र्यांचे केस कापणारी. खून त्याने केला होता, ते सिद्ध झालेलं. फाशी द्यायची की मरेपर्यंत कैद, एवढंच आम्ही ठरवायचं होतं."

"एवढंच!" रत्नाकर म्हणाले.

"लोक कशावरून ठरवतात, सांगू? तो रडला नाही, यावरून. जो मेला त्याची आई रोज तोच एक स्वेटर घालून यायची, त्यावरून. वकिलाचा आवाज गोड आहे, शुक्रवारी संपलं तर शनिवार-रविवार मोकळा मिळेल, असल्या गोष्टींवरून. वाईट नव्हती हो माणसं. त्यांना वाटत होतं, आपण पुरावाच तोलतोय. आमचा म्होरक्या फुटबॉलचा कोच होता. तो म्हणाला, हात वर करा. त्याचा स्वतःचा हात आधीच वर! मग एकमेकांकडे बघत एकेक हात वर जायला लागला."

"तुझा?"

"मी म्हटलं, आमच्या घरी असं नसतं. धाकटा आधी बोलतो आणि बाकीचे खाली बघतात."

आप्पांचा घास हातातच राहिला. "तिथे? अटलांटात? आपली रीत?"

"कोच हसला. पण सगळ्यांत लहान एक मुलगी होती, हॉटेलात वाढायचं काम करणारी. ती म्हणाली, करूया असं. आणि आप्पा, ती बोलायला लागली तेव्हा अकरा माणसं टेबलाकडे बघत होती. कोचसुद्धा. ती म्हणाली, मी हात वर केला, कारण कोच माझ्या वडिलांसारखे दिसतात आणि वडिलांना मी कधी नाही म्हटलेलं नाही. मग प्रत्येकाने सांगितलं, आपला हात नेमका कशाने वर गेला. दोन दिवस लागले. शेवटी आम्ही कैद दिली."

"ऐकलंस, रत्नाकर?" आप्पांचा आवाज चढला. "माझ्या आजोबांची बैठक सातासमुद्रापार भरली!" त्यांनी साखरभात पुन्हा वाढून घेतला. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलं होतं, पण त्या घडीला त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. रुचीने पानातला साखरभात संपवला.

जेवणं आटोपल्यावर पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली. सगळे वयाच्या क्रमाने बसले. रुची, अंतरा, इरावती, आनंदीवहिनी, रत्नाकर, आप्पा. आप्पांनी हात जोडून म्हटलं, "विषय सगळ्यांना ठाऊक आहे. रुची, बोल बाळ." आणि पाच जणांनी माना खाली घातल्या. इरावती सतरंजीच्या निळ्या पट्ट्यावर डोळे रोवून बसली. पोरी, माझं नको बोलूस, तुझं बोल, असं ती मनातल्या मनात घोकत होती.

"मी आधी हे सांगते," रुचीचा आवाज आला, "की मला कुणी काय काय केलं."

खाली घातलेल्या मानांमध्ये चुळबुळ झाली.

"काका मला वांग्याच्या बहाण्याने रामनगरला घेऊन गेले. तिथे उभं राहिल्यावर मला वाटलं, या माणसाला कधीच सोडू नये. काकूने सीतेला माझ्यासमोर बसवलं, तर वाटलं, आजच सोडावं. अंतराताई आजोबांशी बोलत होती, पण आवाज माझ्यासाठी मोठा केलेला होता." रत्नाकरभाऊजी खाकरले. "आणि आई. आई एक शब्द बोलली नाही. फक्त आजच निमोना केला, आजच साखरभात केला, बाबांना आवडायचं ते सगळं एकाच ताटात. आई, मला साखरभात आवडत नाही. कधीच नाही आवडला. मी तुझ्या तोंडाकडे बघून खाते."

इरावतीचे कान तापले. सकाळी तांदूळ धुताना आपल्या मनात असलं काही नव्हतं, हे तिने शपथेवर सांगितलं असतं. आणि तरीही पोरगी म्हणत होती ते सोळा आणे खरं होतं. रीत पाळणारी एकटी बाई म्हणे! सगळ्यांत पक्का डाव तिनेच टाकला होता, तोही साखर घालून.

"हे सगळं बाजूला काढलं तर माझ्याजवळ काय उरतं?" रुची बोलत होती. "बाबा मला आठवत नाहीत. त्या माणसाला मी बघितलेलं नाही. सीता म्हणाली, हल्ला हुआ, बस हो गया. असं कसं हो गया? सळई आपोआप नाही उठत. त्याने मारलं, का ते झालं, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. 'मी मारलं' असं तो म्हणाला तर माझी हरकत नाही, खुशाल घरी जाऊ दे. 'हो गया' म्हणाला तर माझी हरकत आहे, आणि दर खेपेला येऊन मी ती सांगेन, म्हातारी होईपर्यंत. पण त्याला ऐकल्याशिवाय मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. आजोबा, या घरात लोक प्रायश्चित्त विचारायला यायचे ना? माणूस समोर बसल्याशिवाय कुणी सांगायचं का? झालं माझं बोलून."

आणि इरावतीने मान वर केली. या घरात सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदा तिने ती रीत मोडली. रुची ताठ बसली होती, मांडीवर हात, नजर समोरच्या भिंतीवर. आईकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं. ही माझी मुलगी, इरावतीला वाटलं, ही मी एकटीने वाढवली. तिचा ऊर असा भरून आला की क्षणभर शिवपूजनही डोक्यातून गेला.

"मी रुचीबरोबर आहे," अंतरा म्हणाली. "आमच्याकडे त्या माणसाचा आवाजसुद्धा आम्ही ऐकला नव्हता. ते मला अजून टोचतं."

मग इरावतीची पाळी आली. आता सगळे तिचं ऐकायला थांबले होते. लेकीच्या मागे मान हलवणं किती सोपं होतं! आजवर तिने तेच केलं होतं, फक्त मान भाऊजींच्या मागे हलवली होती.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "आज आहे, आणि तो काहीही बोलला तरी उद्याही असेल. माझा नवरा शाळेची जागा मोजायला गेला होता, भांडायला नाही. मला नाही माफ करता येत, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण ती हरकत माझी आहे, रुचीची नाही. ती जेलमध्ये भेटायला जाईल तेव्हा मी सोबत जाईन. आणि तो बोलायला लागला की मी खाली बघेन."

मग आनंदीवहिनींची पाळी आली. "सोडा," एवढंच त्या म्हणाल्या, "त्या पोरीसाठी सोडा."

मग रत्नाकर. "माझं मत 'सोडू नये' हेच," ते म्हणाले. "बदलणारही नाही. पण दोनदा मी दारातून माणूस परत पाठवला, तेव्हा ह्या पोरीला विचारलं नव्हतं. तिला ऐकायचंय, तर ऐकू दे. गाडी मी काढतो."

आप्पा सगळ्यांत शेवटी. त्यांनी आधी उपरण्याने डोळे पुसले, अजिबात न लपवता. "दोन खेपा आपण बसलोच नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या घरच्या पापांवर बसलो, फ्रिजसाठी बसलो, आणि आपल्या दत्तूच्या वेळी दारात उभं राहून उत्तर दिलं. ते या घराला शोभलं नाही. आज शोभलं. रुचीने सांगितलं तेच घराचं उत्तर. मला वेगळं काही बोलायला पोरीने ठेवलंच नाही."

सतरंजी अजून गुंडाळायची होती, तोच खाली दाराची कडी वाजली. प्रोबेशन ऑफिसचे गृहस्थ जिना चढून धापा टाकत वर आले, पाणी प्यायले, मांडीवर कागद ठेवून पेन उघडलं आणि सवयीने रत्नाकरकडे बघितलं. "तो बाबूजी, पिछली बार वाला ही लिख दें?"

"मुझसे नहीं," रत्नाकर म्हणाले. "उससे पूछिए."

रुची पुढे सरकली. तिने सगळं स्पष्ट हिंदीत सांगितलं. आधी आम्ही त्यांना भेटणार, त्यांच्या तोंडून ऐकणार, मग आमचं उत्तर देणार. त्या माणसाचं पेन अर्ध्यावर थांबलं.

"बेटी, ऐसा कोई कहता नहीं है. हाँ या ना, बस. मुलाकात करवा देंगे, हफ़्ता भर लगेगा, वो बात नहीं." त्याने चष्म्यावरून सगळ्यांकडे नजर फिरवली आणि ती इरावतीवर येऊन थांबली. "परिवार में सब एक राय हैं न?"

"नहीं," इरावती म्हणाली. "मैं इसकी राय के ख़िलाफ़ हूँ. लेकिन आप वही लिखिए जो ये कह रही है."

तो पुरता गोंधळला. "आप कौन हुईं?"

इरावतीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "इसकी माँ."